प्रवाह वाचायचा तापमानातून

समुद्रातला प्रवाह मोजायचा म्हणजे पाण्याचा वेग मोजायचा, असं कुणालाही वाटेल. कोची ते लक्षद्वीपमधलं कवरत्ती या मार्गावर मी जी खोकी घेऊन जहाजावर चढायचे, त्यांत मात्र वेग मोजणारं एकही उपकरण नसायचं. असायचे ते एक्सबीटी नावाचे प्रोब. ते फक्त तापमान मोजतात आणि एकदा पाण्यात टाकले की परत येत नाहीत. धक्क्यावरचा सुरक्षारक्षक दर वेळी खोकी उघडायला लावायचा आणि दर वेळी मी त्याला सांगायचे की यात स्फोटक काही नाही. प्लास्टिकची ती जाडजूड नळकांडी पाहून त्याचं समाधान व्हायला वेळ लागायचा. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, ती दिसतातच तशी.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह मान्सूनबरोबर दिशा बदलतो. जून ते सप्टेंबर, म्हणजे नैऋत्य मान्सूनच्या काळात, तो दक्षिणेकडे वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. पावसाळ्यातलं त्याचं वागणं त्यातल्या त्यात समजण्यासारखं आहे, कारण तेव्हा किनाऱ्यालगतच्या वाऱ्याचा कलही दक्षिणेकडेच असतो. हिवाळ्यात मात्र तो चक्रावून टाकतो. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर वारा मंद आणि उत्तरेकडून असतो, आणि पाणी त्या वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेकडे निघालेलं असतं. अशा वेळी स्थानिक वाऱ्यात कारण शोधून उपयोग नसतो. बंगालच्या उपसागरात आणि श्रीलंकेच्या आसपास वाऱ्यांनी जे घडवलेलं असतं, त्याचा परिणाम केल्विन लाटांच्या रूपाने किनारा धरून, कन्याकुमारीला वळसा घालून आपल्याकडे येतो. या लाटा सेकंदाला साधारण दोन-अडीच मीटर वेगाने पुढे सरकतात, म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. पृष्ठभागावर त्यांची उंची जेमतेम काही सेंटिमीटर असते, त्यामुळे जहाजावरून त्या दिसण्याचा प्रश्नच नाही. खाली मात्र गरम आणि थंड पाण्यामधली सीमा त्यांच्यामुळे कित्येक मीटर वरखाली होते.

आम्ही मोजत होतो ती हीच सीमा. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला उजवीकडे ओढ असते. ती ओढ तोलून धरायला प्रवाहाच्या उजव्या हाताला पाणी किंचित चढलेलं असावं लागतं. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे जातो तेव्हा त्याचा उजवा हात किनाऱ्याकडे असतो, म्हणून किनाऱ्यापाशी समुद्रपातळी जरा उंच आणि गरम पाण्याचा थर जाड. पावसाळ्यात उजवा हात खुल्या समुद्राकडे, त्यामुळे गरम पाणी तिकडे जाड होतं आणि किनाऱ्यापाशी थंड पाणी वर सरकतं. किनाऱ्याला आडवी रेघ धरून ठिकठिकाणी खोलीनुसार तापमान मोजलं आणि समताप रेषा, म्हणजे सारख्या तापमानाच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या, की त्यांच्या उताराच्या दिशेवरून प्रवाहाची दिशा कळते. उतार जितका तीव्र, तितका वरच्या आणि खालच्या पाण्याच्या वेगांत फरक जास्त.

कोची–कवरत्ती ही अशीच एक आडवी रेघ. लांबी सुमारे ४०० किलोमीटर. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या या रेघेवरच्या नोंदी २००२ पासूनच्या आहेत. संशोधन जहाज वर्षातून इतक्या वेळा एकाच रेघेवर पाठवणं कुणालाच परवडत नाही, पण लक्षद्वीपची प्रवासी जहाजं तिथून जातच असतात. त्यांच्या मागच्या डेकवर एक माणूस आणि एक लॅपटॉप एवढीच जागा मागायची असते. कल्पना साधी आहे आणि मला विचाराल तर समुद्रविज्ञानातल्या सगळ्यात शहाण्या कल्पनांपैकी एक आहे. जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही, हीच तेवढी अडचण.

एक्सबीटीची सगळी करामत या न थांबण्यावरच बेतलेली आहे. प्रोबच्या नाकात जस्ताचं वजन असतं आणि त्याच्या मधोमध भोक. त्या भोकात थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की विद्युत रोध कमी होणारा छोटासा मणी. प्रोबच्या पोटात लाखेचा पातळ लेप दिलेल्या अतिबारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि तशीच दुसरी गुंडाळी जहाजावर राहणाऱ्या नळकांड्यात. प्रोब खाली बुडताना आपली तार सोडत जातो, जहाज पुढे जाताना आपली. त्यामुळे पाण्यातली तार जागच्या जागी उभी राहते, तिला कुणी ओढत नाही. आम्ही वापरायचो ते टी-७ जातीचे प्रोब ७६० मीटरपर्यंत उतरतात आणि १५ नॉटपर्यंतच्या वेगाला चालतात. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. शेवटी तार तुटते आणि प्रोब तसाच तळाकडे जातो. समुद्रात तांबं, जस्त आणि प्लास्टिक टाकून समुद्राचा अभ्यास करायचा, ही गोष्ट मला कधीच फारशी पचली नाही. पण चालत्या जहाजावरून एवढी खोली गाठायचा याहून स्वस्त मार्ग नाही, हेही खरंच.

टाकण्याची पद्धत ठरलेली. जहाज बंदराची वाट सोडून मोकळ्या पाण्यात आलं की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जाऊन ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला वेळांचं वेळापत्रक द्यायचं. खंडमंचाच्या कडेपाशी, म्हणजे जिथे उथळ तळ संपून खोल उतार सुरू होतो तिथे, जवळजवळ ठिकाणं घ्यायची. पुढे साधारण दर दोन तासांनी एक. रात्र असली तरी सुट्टी नाही. एक तरुण सेकंड ऑफिसर मला म्हणायचा, "मॅडम, तुमचा दोन वाजताचा प्रोब म्हणजे माझा अलार्म. तुम्ही वॉकीटॉकीवर बोलला नाहीत तर मला वाटतं घड्याळ बंद पडलं." त्याच्याकडून जहाजाची जागा, वेग आणि तळाची खोली लिहून घ्यायची. ही खोली फार उपयोगी पडते. खंडमंचावर प्रोब पन्नास-साठ मीटरवरच तळाला टेकतो आणि मग चिखलात रुतून एकच तापमान सांगत राहतो. आलेखावर ती सरळ उभी रेघ इतकी नीटनेटकी दिसते की नवख्या माणसाला ती एकजीव मिसळलेल्या पाण्याची वाटते. नकाशावरची खोली हाताशी असली की तिथे कात्री लावता येते.

प्रोब वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने टाकायचा, म्हणजे तार जहाजापासून दूर उडते, लोखंडाला घासत नाही. ईशान्येचा वारा असताना कवरत्तीकडे जाताना डावी बाजू आणि परत येताना उजवी. पावसाळ्यात जाताना वारा जवळपास तोंडावरच येतो, तेव्हा अगदी मागच्या टोकाला जावं लागतं आणि मागचं टोक हे जहाजाचं फार उचललं-आपटलं जाणारं ठिकाण. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, माझ्या कमरेला पट्टा बांधून त्याचा हूक कठड्याला अडकवल्याशिवाय मला पुढे जाऊच द्यायचा नाही. नळकांडं लाँचरमध्ये बसवायचं, खिटी घट्ट करायची, लॅपटॉपवर हिरवी खूण आली की पिन ओढायची. प्रोब सुळकन निघून जातो. पाण्याला टेकला की समुद्राच्या पाण्यातून विद्युत मंडल पूर्ण होतं आणि नोंद आपोआप सुरू होते. पडद्यावर आलेख वरून खाली उतरू लागतो. सेकंदाला दहा नोंदी, म्हणजे सुमारे प्रत्येक पासष्ट सेंटिमीटरला एक.

वरचे तीन-चार मीटर सोडून द्यायचे. डेकवरच्या हवेत तापलेला थर्मिस्टर पाण्याशी जुळवून घेईपर्यंत प्रोब तेवढा खाली गेलेला असतो. त्याची भरपाई म्हणून बादली. दोरी बांधलेली बादली कठड्यावरून सोडायची, तीही इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या भोकापासून लांब, नाहीतर आपण जहाजाचंच तापमान मोजून येऊ. पाणी वर आल्या आल्या सावलीत थर्मामीटर बुडवायचा, कारण वाऱ्यावर बादलीतलं पाणी मिनिटाभरात बाष्पीभवनाने गार होऊ लागतं. मग त्याच पाण्याने काचेची बाटली दोन-तीनदा विसळून भरायची, घट्ट बूच लावायचं, वर चिठ्ठी. या बाटलीतल्या पाण्याची क्षारता पुढे प्रयोगशाळेत मोजली जाते. पंधरा नॉटवर धावणाऱ्या जहाजावरून बादली ओढून घेणं हे प्रोब टाकण्यापेक्षा दुप्पट कष्टाचं काम, आणि म्हणूनच ते टाळण्याचा मोह सगळ्यात मोठा. ही बाटली का लागते ते पुढे सांगते.

कठड्याशी बघे जमायचेच. द्वीपावरचे एक वृद्ध गृहस्थ एकदा शेवटपर्यंत शांतपणे बघत उभे होते. तार तुटल्यावर त्यांनी विचारलं, "खाली किती गार आहे?" मी सांगितलं, सातशे साठ मीटरवर दहा अंशांच्या आसपास. ते म्हणाले, "आणि वर?" एकोणतीस. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, "मग गार कुठे सुरू होतं?" आमच्या अख्ख्या प्रकल्पाचा प्रश्न त्यांनी तीन-चार शब्दांत मांडला होता.

गार कुठे सुरू होतं, याचं उत्तर महिन्याप्रमाणे बदलतं. मे महिन्यात या भागात पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांच्या वर जातं. अरबी समुद्राचा हा आग्नेय कोपरा तेव्हा जगातल्या सगळ्यात गरम समुद्रांत मोडतो. डेकवर उभं राहून कुणालाही वाटेल की खालीही असंच ऊबदार असेल. पण थर्मोक्लाइन, म्हणजे तापमान झपाट्याने उतरतं तो थर, केरळच्या किनाऱ्यापाशी फेब्रुवारी-मार्चपासूनच वर सरकू लागलेला असतो. मान्सूनचा वारा सुरू व्हायला तेव्हा काही महिने असतात. पावसाळी प्रवाहाची तयारी खालून आधी होते, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. आलेखांच्या चळतीत ती महिन्यामागून महिना घडताना पाहणं वेगळं. मार्चचा आलेख एप्रिलच्या आलेखावर ठेवला की २० अंशांची रेषा किनाऱ्याच्या बाजूला वर आलेली दिसायची, आणि बाहेर आकाशात ढगाचा पत्ता नसायचा.

जुलै-ऑगस्टमध्ये चित्र पूर्ण होतं. किनाऱ्याजवळच्या ठिकाणी गरम थर वीस-तीस मीटरचा, कधी त्याहूनही पातळ. पश्चिमेकडे जावं तसा तो जाड होत जातो. वरच्या समताप रेषा किनाऱ्याकडे चढतात. खंडान्त उतारापाशी त्याच वेळी खालच्या रेषा मात्र किनाऱ्याकडे उतरतात, आणि दोन्ही मिळून एखादा हातपंखा उघडावा तशा फाकतात. हा फाकलेला आकार म्हणजे वर दक्षिणेकडे जाणारा उथळ प्रवाह आणि त्याच्या खाली उलट, उत्तरेकडे जाणारा दुसरा प्रवाह. पावसाळी पृष्ठप्रवाहाची जाडी साधारण शंभर मीटरच्या आतच असते. वेग मोजणारं उपकरण नसताना, निव्वळ तापमानाच्या दोऱ्यांवरून एकावर एक असे दोन विरुद्ध प्रवाह कागदावर उमटतात, तेव्हा या कामाची गंमत कळते.

उपग्रह असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात थंड पाणी पृष्ठभागापर्यंत येतं तेव्हा त्याला ते दिसतंही. पण गोव्यासमोर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पाच-दहा मीटरचा हलका, गरम थर करून वर पसरतं आणि त्याच्याखाली आलेलं थंड पाणी झाकून टाकतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीच घडत नाही. अर्गो तरंडे, म्हणजे आपोआप वरखाली होणारी तरंगती मापनयंत्रं, २००० मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतात, खुल्या समुद्रात त्यांना तोड नाही. पण उथळ खंडमंचावर आणि त्याच्या कडेवर ते क्वचितच फिरकतात, आणि आमचा प्रवाह नेमका तिथेच वाहतो. संस्थेने भटकळ, गोवा, जयगड, मुंबई यांच्यासमोर उतारावर नांगरून ठेवलेली उपकरणं ध्वनिलहरींच्या मदतीने प्रवाहाचा वेग थेट मोजतात. त्यांची नोंद एका जागेची आणि अखंड, आमची रुंद पण तुटक. एकमेकांशिवाय दोन्ही अर्धवट.

आता त्रुटींकडे येते, कारण माझा बहुतेक वेळ प्रोब टाकण्यात नव्हे, तर त्यांच्या आलेखांशी वाद घालण्यात गेला.

पहिली गोष्ट म्हणजे एक्सबीटी खोली मोजतच नाही. पाण्याला टेकल्यापासून किती वेळ गेला एवढंच त्याला माहीत असतं. खोली सूत्राने काढायची. जुन्या सूत्रात सुरुवातीचा वेग सेकंदाला ६.४७२ मीटर धरलेला होता. सीटीडीशी, म्हणजे दोरखंडाने उतरवायच्या अचूक उपकरणाशी, शेजारी शेजारी तुलना केल्यावर प्रोब त्याहून वेगाने पडतो असं दिसलं, आणि १९९५ मध्ये तो आकडा ६.६९१ झाला. फरक तीन टक्क्यांहून थोडा जास्त. ७६० मीटरवर म्हणजे पंचवीसेक मीटर, शंभर मीटरवर तीन मीटर. तीन मीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण थर्मोक्लाइनमध्ये शंभर मीटरात दहा अंश उतरत असतील तर तीन मीटरची चूक म्हणजे ०.३ अंश. प्रोबच्या थर्मिस्टरची अचूकता ०.१ अंशाच्या आसपास धरली जाते, तिच्या तिप्पट चूक निव्वळ सूत्रातून आली. जुन्या फायली घेताना कोणतं सूत्र वापरलंय हे लिहिलेलं नसेल तर त्या फायलीला हात लावू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. २००७ मध्ये तर असं दाखवलं गेलं की एक्सबीटींचे आकडे एकूणच जरा गरमकडे झुकतात आणि त्याचा परिणाम जगभरच्या समुद्रांत साठलेल्या उष्णतेच्या हिशेबावर पडतो. तेव्हापासून प्रोब कोणत्या वर्षी बनलेला, कोणत्या जातीचा, हेही नोंदवण्यावर भर आला.

आमच्या रेघेवर हे जास्त झोंबतं, कारण आम्ही विषुववृत्ताच्या जवळ आहोत. उजवीकडची ती ओढ अक्षांशाबरोबर वाढते. कोची १० अंशांवर, मुंबई १९ अंशांवर. समताप रेषांचा तोच उतार मुंबईसमोर जेवढा वेग दाखवेल, त्याच्या जवळपास दुप्पट कोचीसमोर दाखवतो. म्हणजे उतार मोजण्यात झालेली चूकही दुप्पट होऊन वेगात उतरते. त्यात अंतर्गत, म्हणजे पृष्ठभागाखालच्या थरांत चालणाऱ्या, भरती-ओहोटीची भर. थर्मोक्लाइन काही तासांतच दहा-वीस मीटर वरखाली झुलू शकतो. एका ठिकाणी तो उचललेला असताना प्रोब टाकला आणि पुढच्या ठिकाणी बसलेला असताना, तर मध्ये नसलेला प्रवाह तयार होतो. एका फेरीच्या चित्रावरून मी कधीच काही बोलत नसे. जाताना आणि येताना टाकलेल्या प्रोबांची सरासरी, मग शेजारच्या फेऱ्या, मग तोच महिना वेगवेगळ्या वर्षांतला. असं करत गेल्यावर लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि ऋतूचा उतार उरतो.

खरी डोकेदुखी हिवाळ्यात. नोव्हेंबरपासून बंगालच्या उपसागराचं कमी क्षारतेचं पाणी श्रीलंकेला वळसा घालून इकडे येतं आणि उत्तरेकडच्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याने वर चढतं. अरबी समुद्राचं पाणी खारट, ३५-३६ क्षारतेचं, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण तेवढे ग्रॅम क्षार. हे नवं पाणी ३३-३४ चं, त्यामुळे हलकं. ते वर पसरतं, हिवाळ्याच्या कोरड्या हवेने थोडं गार होतं, पण हलकं असल्यामुळे बुडत नाही. त्याच्याखालचं खारट पाणी मात्र तसंच गरम राहतं. अशा ठिकाणी आलेखात वीस-तीस मीटरपासून खाली जाताना तापमान कमी होण्याऐवजी वाढतं, कधी अर्धा अंश, कधी थोडं जास्त, आणि मग नेहमीसारखं उतरू लागतं. भूगोलात डोंगरदऱ्यांच्या हवेबद्दल जिला तापमानाची विपरीतता म्हणतात, तीच इथे पाण्यात.

अडचण अशी की तार खराब झाली तरी आलेख नेमका असाच दिसतो. लाखेच्या लेपाला ओरखडा गेला की तारेतला थोडा विद्युतप्रवाह समुद्रात झिरपतो. उपकरणाला एकूण रोध कमी झाल्यासारखा वाटतो आणि थर्मिस्टरच्या भाषेत कमी रोध म्हणजे जास्त तापमान. तार गुंडाळीत अडकून ताणली गेली तरी आकडा वरच सरकतो. म्हणजे तारेचा दोषही गरमकडे आणि खरी विपरीतताही गरमकडे. जगातल्या बहुतेक समुद्रांसाठी लिहिलेले आपोआप तपासणीचे नियम अशा उंचवट्याला सरळ चूक ठरवून कापून टाकतात. ते नियम आंधळेपणाने लावले असते तर हिवाळी प्रवाहाची सगळ्यात ठळक खूण आम्ही स्वतःच्या हाताने पुसली असती. या भागातल्या विपरीततेच्या नोंदी काही नव्या नाहीत, त्यांच्याबद्दल १९९० च्या दशकापासून लिहिलं गेलं आहे. तरी सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार?

म्हणून प्रत्येक आलेख डोळ्यांनी पाहायचा. गळतीचा उंचवटा बहुधा टोकदार असतो, किंवा एकदा वर गेला की त्यापुढचा सगळा आलेखच सरकलेला राहतो. खरी विपरीतता गोलसर असते, थर्मोक्लाइनच्या डोक्यावर बसलेली असते आणि खाली गेल्यावर आलेख शेजारच्या ठिकाणांशी पुन्हा जुळतो. शंका आली तर लगेच दुसरा प्रोब. दोन वेगवेगळ्या तारा एकाच खोलीवर एकच खोटं बोलतील याची शक्यता फार कमी. पण प्रोब महाग, मोजून दिलेले, आणि पुढची ठिकाणं बाकी, त्यामुळे दुसरा टाकायचा की नाही हा निर्णय रात्री तीन वाजता हलत्या डेकवर, मळमळ दाबत, मिनिटाभरात घ्यावा लागतो. जहाज तोवर अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

इथेच ती बादलीची बाटली कामाला येते. बाटलीची क्षारता ३३ च्या घरातली निघाली तर वर हलकं पाणी आहे हे पक्कं होतं, आणि खाली गरम पाणी का टिकलंय याचं कारण मिळतं. क्षारता ३५ च्या वर असेल आणि आलेखात उंचवटा असेल, तर गरम पाण्यावर गार पाणी तरंगत ठेवायला तिथे काहीच नाही. मग तारेवर संशय घ्यायचा. दुसऱ्या कामासाठीही क्षारता लागतेच. वेग काढायचा तर घनता हवी, घनतेला तापमान आणि क्षारता दोन्ही हवीत. पावसाळ्यात सरासरीच्या तक्त्यांतली क्षारता घेऊन बरंच निभावतं, हिवाळ्यात नाही. दरवर्षी उपसागराचं पाणी किती आणि कुठवर येईल, याचा तक्ता कुणाकडे नसतो.

परत आल्यावरचं काम कंटाळवाणं, पण त्यातच निवाडा होतो. प्रत्येक नोंदीपुढे एक अंक लावायचा: १ म्हणजे चांगली, २ बहुधा चांगली, ३ बहुधा वाईट, ४ वाईट. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही, फक्त त्याला अंक द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला आपल्याशी असहमत होता येतं. ही शिस्त मला फार आवडली. तार तुटली की आलेख एकदम टोकाला उडी मारतो, तिथून खाली सगळं ४. तळाला टेकल्यानंतरची सरळ रेघही ४. उरलेल्यांतल्या बहुतेकांना १ देताना हात अडखळत नाही. वेळ खातात ते मधले, दोन आणि तीन यांच्या सीमेवरचे.

आमच्या खोलीत यावरून भांडणं व्हायची. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा कल कडक, संशय आला की ३. मी म्हणायचे, "सर, डिसेंबरचा आहे, खंडमंचाच्या कडेचा आहे, शेजारच्या दोन ठिकाणी असाच उंचवटा आहे." ते म्हणायचे, "शेजारच्यांचं सांगू नकोस, याची बाटली दाखव." बहुतेक वेळा बाटली असायची आणि अंक २ व्हायचा. एका हिवाळी फेरीत मात्र समुद्र इतका उसळला होता की बोसनने कुणालाही कठड्याकडे जाऊ दिलं नाही. त्याने आडोशाच्या जाळीतून प्रोब टाकू दिला, पण बादली नाही. नेमका त्याच ठिकाणी चाळीस मीटरवर सुरेख गोलसर उंचवटा, जवळपास एक अंशाचा, शेजारच्या ठिकाणांपेक्षा बराच मोठा. पुढच्या ठिकाणांपुरते जेमतेम प्रोब उरले होते, दुसरा टाकता आला नाही. तो मला अजूनही खरा वाटतो. त्याच्यापुढे ३ लिहिलेलं आहे, आणि बाटलीशिवाय ते बदलावं असं माझंही म्हणणं नाही.